चालतंय ना? मग हात लावू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची अधिकृत देखभाल थांबली आणि घरोघरचे धडधाकट संगणक सक्तीच्या निवृत्तीवर गेले. त्यांच्यात दोष काहीच नव्हता. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडे सोयरीक जुळवताना सात पिढ्यांच्या चौकशीवर भागायचं. इथे आठवी निघाली.

अशा प्रसंगी प्रत्येक घराण्यात एक भाचा उगवतो. तो बंगळूरला किंवा हिंजवडीला काहीतरी करत असतो. नेमकं काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. खिशातून पेन ड्राइव्ह काढत तो म्हणतो, "मामा, लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही आणि जुन्या मशीनवर पळतं." मामांना त्यातलं ‘फुकट आहे’ एवढंच स्वच्छ ऐकू येतं. तासाभरात लिनक्सचं ‘मिंट’ बसतं, पडद्यावर डोंगराचं चित्र येतं, मामी "रंग छान आहेत हो" म्हणतात आणि भाचा पोहे खाऊन रात्रीच्या बसने निघून जातो. मागे उरतात मामा, मशीन आणि ‘काही लागलं तर फोन कर’ हे वाक्य. पुढचा मजकूर या उरलेल्या मंडळींसाठी आहे.

लिनक्स आपण होऊन फारसं बिघडत नाही, ते बिघडवावं लागतं. त्यासाठी एक रिकामा रविवार, दुपारची न लागलेली झोप आणि इंटरनेट एवढं साहित्य पुरतं. इतर कुठल्याही यंत्राच्या देखभालीत माणसाने काय करावं हे सांगतात. इथे त्याने काय करू नये याची यादी लांब होते.

कुठलं लिनक्स घ्यावं यावर दोन लिनक्सवाल्यांचं एकमत झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. डेबियन १९९३ पासून कसलीही घाई न करता चाललेलं आहे. २००४ मध्ये त्याच्यावर उबुंटू उभं राहिलं, २००६ मध्ये उबुंटूच्या खांद्यावर मिंट. उबुंटू आपल्या आवृत्त्यांना प्राण्यांची नावं देतं. मिंट बायकांची देतं, तीही वर्णक्रमाने: माया झाली, नादिया झाली, ऑलिव्हिया झाली. डेबियनने ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातली पात्रं उचलली, कारण सुरुवातीच्या काळात डेबियनची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. त्या चित्रपटात शेजारचा एक पोरगा आहे, सिड नावाचा. खेळणी मोडणं हाच त्याचा उद्योग. डेबियनची जी शाखा कायम अस्थिर असते, तिचं नाव सिड. धोक्याची सूचना थेट नावातच घालणारी दुसरी कंपनी किंवा संस्था मला ठाऊक नाही. तरीही लोक घरच्या एकुलत्या एक मशीनवर सिड टाकतात, आणि ते मोडलं की दुखावले जातात.

माझा सल्ला सोपा आहे. रात्री साडेनऊला तुम्ही ज्याला फोन करणार आहात, तो जे वापरतो तेच तुम्ही वापरा. उबुंटू घेणार असाल तर ज्या आवृत्तीपुढे एलटीएस ही अक्षरं आहेत तीच घ्या. ती दर सम वर्षी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिन्यांचं आयुष्य असतं. त्या हौशी लोकांसाठी आहेत, आणि हौशी लोक हा लेख वाचत नाहीत.

अपडेटच्या बाबतीत माणसांचे दोन पंथ आहेत. कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर ठिपका दिसला की एका पंथाच्या घशाखाली चहा उतरत नाही. दुसरा पंथ त्या ठिपक्याकडे दोन वर्षं बघत राहतो आणि तो चित्राचाच भाग आहे असं समजतो. या दोघांच्या मध्ये कुठेतरी आठवड्यातून एकदा, हातात घाईचं काम नसताना, अपडेट करणारा शहाणा माणूस असावा. मी त्याला अजून भेटलेलो नाही.

टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, अपडेट करणाऱ्यांचं वेगळंच. ‘सुडो एपीटी अपडेट’ ही आज्ञा उपलब्ध प्रोग्रॅमची यादी तेवढी ताजी करते, मशीनवरचं काहीही बदलत नाही. बदल करते ती ‘सुडो एपीटी अपग्रेड’. रोज सकाळी अंघोळीनंतर नेमाने फक्त पहिली आज्ञा देऊन ‘आमचं मशीन एकदम अद्ययावत’ असं सांगणारे एक गृहस्थ माझ्या माहितीचे आहेत. त्यांच्याकडे महाराष्ट्रातली सर्वांत ताजी यादी आहे. (या आज्ञा मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच द्यायच्या. बऱ्याच टर्मिनलांत देवनागरी टाकली की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे अशी फाळणी होते.)

ऐन कामात लिनक्स आपलं आपण रीस्टार्ट होत नाही, हा मोठा गुण. त्यातून एक नवी फुशारकी जन्माला आली: "आमचं मशीन तीन महिने बंदच केलेलं नाही." पण कर्नल, म्हणजे या सगळ्याचा गाभा, बदलला की रीस्टार्ट केल्याशिवाय नवा लागू होत नाही. तेव्हा तीन महिन्यांत आलेल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या त्या मशीनच्या डिस्कवर आहेत, वापरात नाहीत. फुशारकी बाजूला ठेवावी आणि रीस्टार्ट करावं.

जुने कर्नल साठत जातात आणि डिस्कवर बूटचा भाग वेगळा छोटा ठेवलेला असेल तर एक दिवस तो भरतो. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह’ ते साफ करतं आणि एखादा जुना कर्नल शहाणपणाने राखूनही ठेवतं. तो हाताने पुसू नका. अपडेटनंतर सकाळी काळा पडदा दिसला तर मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणा, त्यातले प्रगत पर्याय उघडा आणि कालचा कर्नल निवडा. भाच्याला फोन करण्याआधी एवढं केलंत तर बहुतेक वेळा फोन करावाच लागत नाही. भाचाही मग दिवाळीला मोकळ्या मनाने येतो.

आता इशाऱ्यांबद्दल. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबास्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने लाखो प्रेक्षकांसमोर लिनक्स वापरून पाहायचं ठरवलं. (लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स ते वेगळे. त्यांनी १९९१ मध्ये ही एक हौसच आहे, मोठं असं काही होणार नाही, असं जाहीर करून सुरुवात केली. आज जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक त्या हौसेवर चालतात.) सेबास्टियनना पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर गेम खेळण्यासाठी ‘स्टीम’ हवं होतं. सॉफ्टवेअरच्या सचित्र दुकानातून ते बसेना, म्हणून त्यांनी टर्मिनल उघडलं. त्या दिवसांत नेमकी पॅकेजांची गुंतागुंत झालेली होती आणि स्टीम बसवायचं तर अख्खा डेस्कटॉप काढावा लागणार होता. मशीनने तसं सांगितलं. काय काय काढणार त्याची लांबलचक यादी दिली. हे घातक ठरू शकतं, असं बजावलं. आणि तरीही करायचंच असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, उद्गारचिन्हासकट, टाइप करा, असं म्हटलं. त्यांनी केलं. मशीनने सांगितल्याबरहुकूम डेस्कटॉप काढून टाकला. पडद्यावर उरली काळी पाटी आणि पांढरी अक्षरं.

पुढे एपीटीच्या नव्या आवृत्त्यांत हे इतक्या सहज घडू नये अशी तजवीज झाली. पण ‘वरील सर्व अटी मी वाचल्या आहेत’ याखाली डोळे मिटून सही करण्यात आपल्या पिढ्या गेल्या. एका तजविजीने काय होणार? सगळं वाचायची ताकद नसेल तर निदान एवढं वाचा: एपीटी काम सुरू करण्याआधी काय काय काढणार ते वेगळं सांगतं. एक कॅल्क्युलेटर बसवताना काढायच्या यादीत चाळीस नावं दिसली, तर ‘एन’ दाबा आणि बाहेर जाऊन पाय मोकळे करून या.

पासवर्डचा एक गमतीदार फोन प्रत्येक भाच्याला येतो. "अरे, कीबोर्ड गेला बहुतेक. पासवर्डच उमटत नाहीये." कीबोर्ड ठणठणीत असतो. सुडो पासवर्ड घेताना परंपरेने पडद्यावर काहीच दाखवत नाही, ठिपका नाही की चांदणी नाही. मागून डोकावणाऱ्याला अक्षरांची संख्यासुद्धा कळू नये हा हेतू. मिंटला दया आली, ते चांदण्या दाखवतं. आणि ज्याला अधिकार नाही त्याने सुडो वापरलं तर ‘या घटनेची नोंद वर कळवली जाईल’ अशा अर्थाची धमकी मिळते. एका मामी त्यानंतर दोन दिवस पोलिसांची वाट बघत होत्या. वर म्हणजे मशीनच्या प्रशासकाकडे, म्हणजे घरात मामांकडे. मामांना ते कधीच कळलं नाही.

विंडोजमधून आलेल्या माणसाला साफसफाईची खोड असते. डीफ्रॅग कुठे आहे, क्लीनर कोणता टाकू, रॅम नव्वद टक्के भरलेली का दिसते? लिनक्स रिकामी पडलेली रॅम फाइली हाताशी ठेवायला वापरतं आणि एखाद्या प्रोग्रॅमने मागितली की सोडून देतं. ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरात ‘अव्हेलेबल’ असा रकाना असतो, तेवढाच बघायचा. ‘फ्री’ नावाच्या रकान्यात तुटपुंजा आकडा दिसला म्हणून रॅम साफ करणारी स्क्रिप्ट दर तासाला चालवणारे लोक आहेत. त्यांचं मशीन इतरांपेक्षा हळू चालतं आणि ते आणखी एक स्क्रिप्ट शोधतात. डीफ्रॅगचं नाव तर काढूच नका. इथली ईएक्सटी४ ही फाइल-व्यवस्था तो प्रश्न सहसा येऊच देत नाही, आणि एसएसडीला त्याचा उपयोगही नाही.

डिस्क भरली तर संशय आधी व्यवस्थेच्या नोंदींवर जातो. त्या भरतात खऱ्या, पण त्या सांभाळणारं सिस्टिमडी आपल्या नोंदी डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त चार जीबीवर रोखून धरतं. ‘डिस्क युसेज अ‍ॅनालायझर’ उघडून बघा. रंगीत चकतीत जो सर्वांत मोठा घास दिसतो तो डाउनलोड्स नावाच्या फोल्डरचा असतो, आणि त्यात एकाच लग्नाचा व्हिडिओ तीनदा उतरवलेला असतो.

आणि मग येतो रविवार. सगळं नीट चाललेलं आहे, प्रिंटर प्रिंट करतोय, वाय-फाय जोडलेलं आहे, आवाज येतोय. नेमकं हेच लिनक्सवाल्याला बघवत नाही. खालची पट्टी वर न्यावी, खिडक्यांना कापरासारखं विरून जायला लावावं, चिन्हं गोल करावीत. इथपर्यंत कुणाचं काही जात नाही. पुढे एखादी थीम मागते की आधी ही बाहेरची रिपॉझिटरी, म्हणजे सॉफ्टवेअरचं कोठार, जोडा. रिपॉझिटरी मागते की ही लायब्ररी नव्या आवृत्तीची घ्या. आणि कुठल्याशा अनोळखी सज्जनाने लिहिलेली, सुडोने सुरू होणारी एक लांब ओळ आपण उचलून टर्मिनलमध्ये चिकटवतो. ती ओळ त्या सज्जनाच्या मशीनवर २०१८ मध्ये चालली होती. संध्याकाळी सहापर्यंत आवाज गेलेला असतो. मामी विचारतात, "अहो, चालत होतं ना? मग काय करत होतात?" या प्रश्नाला आज्ञांची माहिती देणाऱ्या जगातल्या कुठल्याही मॅन पेजमध्ये उत्तर नाही.

खाज अनावर झाली तर एक पथ्य पाळा: हात घालण्याआधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट घ्या. मिंटमध्ये ते आधीपासून असतं. काही फिसकटलं तर दुपारच्या मशीनवर परत येता येतं. आणि नवं सॉफ्टवेअर हवं असेल तर आधी आपल्याच दुकानात शोधा, नाही मिळालं तर फ्लॅटपॅक बघा. बाहेरच्या रिपॉझिटऱ्या पाहुण्या म्हणून येतात, पण राहतात.

ज्यांनी धीर न होऊन विंडोजही ठेवली आहे आणि लिनक्सही, त्यांच्या घरी एक खास भारतीय चमत्कार घडतो. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स ते घड्याळ जागतिक वेळेवर आहे असं धरून चालतं. त्यामुळे लिनक्स वापरून विंडोज उघडली की घड्याळ साडेपाच तास मागे. सकाळी अकराला मशीनसमोर बसलेल्या मामांना पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतात आणि आयुष्यात प्रथमच लवकर उठल्याचा पुरावा मिळतो. लंडनच्या मंडळींना हिवाळ्यात हा लाभ नाही. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा दिली की लिनक्स विंडोजच्या कलाने घेतं. त्याच मशीनवर विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र बंद करून टाका. ते चालू असताना विंडोज ‘बंद’ केली तरी पूर्ण बंद होत नाही, आणि तिकडची ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसती वाचायला मिळते, लिहायला नाही.

प्रिंटर हा विषय नाजूक आहे. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळच प्रिंटरमध्ये आहे हे लक्षात घ्यावं. १९८० च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा. कागद अडकला की लोकांना निरोप जाईल असा बदल रिचर्ड स्टॉलमनना त्याच्या प्रोग्रॅममध्ये करायचा होता. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मिळाला नाही. या रागाने मनात घर केलं आणि १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रिंटर आणायला जाल तेव्हा खोक्यावर ‘एअरप्रिंट’ लिहिलंय का बघा. तसा प्रिंटर बहुधा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो. दुकानदाराला ‘लिनक्सवर चालेल का’ असं विचारू नका, तो बिचारा हो म्हणतो.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट किंवा उच्चारानुसारी कीबोर्ड सेटिंगमधूनच जोडता येतो, काही उतरवावं लागत नाही. सोसायटीच्या जुन्या इतिवृत्ताची फाइल उघडल्यावर कंस, टक्के आणि फ्रेंच अक्षरं दिसली तर लिनक्सला बोल लावू नका. ती फाइल युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये आहे आणि तो फाँट नसलेल्या कुठल्याही मशीनवर ती अशीच दिसेल. इतिवृत्त असल्यामुळे फारसं बिघडतही नाही.

बॅकअप मात्र थट्टेवारी नेऊ नका. आत्ताच ज्याची शिफारस केली ते टाइमशिफ्ट मूळ मांडणीत फक्त व्यवस्थेच्या फाइली जपतं. तुमचे फोटो, पीपीएफची कागदपत्रं, नातीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग त्यात नसतं. हे बहुतेकांना डिस्क गेल्यावर कळतं. होम फोल्डरसाठी ‘देजा दूप’सारखं वेगळं साधन लावा आणि प्रत मशीनबाहेरच्या डिस्कवर ठेवा. टर्मिनलमधली ‘आरएम’ ही आज्ञा कचराकुंडी नावाचा प्रकार मानत नाही. तिने नेलेलं परत येत नाही.

मोठ्यांच्या घरीही हेच होतं. पिक्सारमध्ये १९९८ च्या सुमारास ‘टॉय स्टोरी २’ चं काम चालू असताना कुणीतरी नेमकी हीच आज्ञा चुकीच्या जागी दिली. लोकांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरून वूडीची टोपी गेली, मग बूट गेले, मग वूडी गेला. बॅकअप काढायला घेतला तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. नुकतं बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ते मशीन गोधड्यांत गुंडाळून गाडीतून जपून आणलं. (पुढे पटकथाच पसंत न पडल्याने त्या चित्रपटाचा बराचसा भाग पुन्हा नव्याने केला, ती गोष्ट वेगळी.) ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरा थकलेल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरला. बॅकअपच्या पाच पद्धती ठेवलेल्या होत्या आणि ऐनवेळी एकही धड चालेना. वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने काढलेली एक प्रत सापडली, तिने वेळ मारून नेली. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जगजाहीर केलं. असा मोकळेपणा आमच्या मामांकडे नाही.

तेव्हा बॅकअप घेता म्हणजे काय करता, हे तपासा. महिन्या-दोन महिन्यांनी त्या बाहेरच्या डिस्कवरून एखादा जुना फोटो परत आणून उघडून बघा. उघडला तर बॅकअप आहे. नाही उघडला तर आजवर तुम्ही फक्त डिस्कची आणि विजेची सेवा केलीत.

शेवटी, भाच्याने आणलेला तो पेन ड्राइव्ह परत देऊ नका. मशीन सुरूच होत नसेल तेव्हा त्याच्यावरून लिनक्स चालू करून आतल्या फाइली बाहेर काढता येतात. यापेक्षा स्वस्त विमा नाही. मात्र त्याला पांढरी चिकटपट्टी लावून वर ठळक अक्षरांत ‘पुसू नये’ असं लिहा, आणि कपाटाच्या कुलुपाच्या खणात ठेवा. नाहीतर घरातलं कुणीतरी तो फॉरमॅट करून, त्यावर साखरपुड्याचे फोटो घेऊन, स्टुडिओत प्रिंट काढायला गेलेलं असेल.